खासगीची जमा

(नभोवाणीवरील भाषण)

इंदूरच्या माणसाने इंदूरच्याच श्रोत्यांपुढे अहिल्याबाईंविषयी बोलावयाचे, म्हणजे गंगाकाठच्या लोकांना गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. राजवाड्यासमोरच्या बागेत त्यांचा पुतळा आहे. आपल्या विश्वविद्यालयाला त्यांचे नाव आहे, विमानतळाला त्यांचे नाव आहे. श्रावण वद्य चतुर्दशीला, त्यांच्या पुण्यतिथीस, शहरातून पालखी निघते आणि लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ती पाहिली नाही असा जुना इंदूरकर विरळा. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, तेव्हा तर व्याख्याने, ग्रंथ, नाटके ह्यांना पूर आला होता. ह्या सर्वांत माझ्या दहा-पंधरा मिनिटांची भर ती काय पडणार?

तरीही बोलावयास बसलो आहे, त्याचे कारण एक जुनी गोष्ट आहे. कोणा एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीपर एक ग्रंथ रचला आणि महेश्वरी येऊन तो त्यांना वाचून दाखविला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग, आपण एक दुबळी, पापी स्त्री आहोत, एवढी स्तुती आपणांस साजत नाही, असे म्हणून तो ग्रंथ नर्मदेत टाकावयास सांगितला आणि त्या ग्रंथकाराची पुढे विचारपूसही केली नाही. ही हकीकत सर जॉन माल्कमने आपल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात दिली आहे. माल्कम हा इंग्रजांचा सेनानी. मंदसोरच्या तहानंतर माळव्याचा कारभार त्याच्याकडे आला, तेव्हा त्याने बाईंना पाहिलेल्या माणसांकडून माहिती गोळा केली आणि १८२३ साली ग्रंथ छापला. स्तुतीचा ग्रंथ पाण्यात टाकणाऱ्या बाईंविषयी आपण मात्र दर वर्षी स्तुतीच करीत आलो. देवी म्हटले, लोकमाता म्हटले, पुण्यश्लोक म्हटले. ती सारी पदे त्यांना शोभतात, ह्यात वाद नाही. पण हातात शिवलिंग घेतलेली त्यांची मूर्ती पाहताना मला नेहमी वाटते, की शेजारी एखादी कीर्दखतावणीची वही ठेवावयास हवी होती. आज मी त्या वहीविषयीच बोलणार आहे. लढाया आणि चमत्कार ऐकण्याच्या अपेक्षेने ज्यांनी रेडिओ लावला असेल, त्यांची आधीच क्षमा मागतो.

ह्या वहीचे पहिले पान अहिल्याबाईंचे नव्हे, त्यांच्या सासूबाईंचे आहे. गौतमाबाई होळकर. नीराकाठच्या होळ गावचा पोरका मुलगा मल्हारी, आईबरोबर खानदेशात तळोद्याला मामाकडे आला. मामा भोजराज बारगळ हे शिलेदार. त्यांची मुलगी ती गौतमाबाई. भाच्याला मुलगी दिली आणि पुढे ह्या जावयाने माळव्यात मराठ्यांचे निशाण रोवले, हा इतिहास आपणांस शाळेत शिकविला गेला आहे. त्याच इतिहासातले एक कलम मात्र शाळेत सहसा शिकवीत नाहीत. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर करून दिली. माळव्यातील महालांचे उत्पन्न २,६३,००० रुपये, दक्षिणेतील ३६,०१० रुपये, एकूण सालिना २,९९,०१० रुपये. माळव्यात महेश्वर, सांवेर, देपालपूर, हातोद, महिदपूर अशी ठिकाणे त्यात होती, दक्षिणेत चांदवड होते, अंबड होते. हीच होळकरांची खासगी.

खासगी शब्दाने गैरसमज होण्याचा संभव आहे, म्हणून थोडे फोडून सांगतो. होळकरांच्या राज्यात जमेच्या दोन बाजू मानीत. एक दौलत. तिच्यातून फौज, किल्ले, अंमलदार, पेशव्यांकडील भरणा असा सारा खर्च व्हावयाचा. दुसरी खासगी. ती राज्यकर्त्याच्या पत्नीची. तिचे महाल वेगळे, कारकून वेगळे, हिशेब वेगळा. नवरा सरदार असला तरी त्या हिशेबात त्याचा हात नाही. मल्हाररावांसारख्या सरदाराची दौलत म्हणजे आज भरलेली आणि उद्या रिकामी. मोहीम निघाली की सावकाराचे कर्ज, लूट आली की त्याची फेड. अशा घरात चूल नेमाने पेटावयाची, लेकीसुनांची लग्ने व्हावयाची, देवाधर्माचे चालावयाचे, तर एक तरी जमा तलवारीच्या नशिबावर सोडून चालत नाही. ती बायकोच्या नावे लागली. कोणाच्या सल्ल्याने ते ठरले असेल ते असो, ठरले हे खरे. अठराव्या शतकात जवळजवळ तीन लाखांचे उत्पन्न एका स्त्रीच्या नावे, सनदेने, आणि पुढे तिच्या सुनेच्या नावे! आपल्याकडे स्त्रीधन हा शब्द फार जुना आहे. पण स्त्रीधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाटल्या, बांगड्या आणि लुगडी येतात. इथे स्त्रीधनाला महाल आणि गावे होती.

चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची मुलगी १७३३ साली होळकरांच्या घरात सून म्हणून आली, त्याच्या पुढच्याच वर्षीची ही सनद. म्हणजे आठ-नऊ वर्षांची अहिल्या ज्या घरात वाढली, त्या घरात सासू रोज कारकुनांना समोर बसवून हिशेब ऐकत असणार. बाईंचे शिक्षण कोणी केले, असा प्रश्न चरित्रकार विचारतात आणि सासऱ्यांचे नाव सांगतात. ते खोटे नाही. मल्हाररावांनी ह्या सुनेवर जो विश्वास टाकला, तो त्या काळात मुलावरही क्वचित टाकला जाई. १७६५ सालच्या एका पत्रात तर ते तिला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरला जावयास आणि दारूगोळ्याची तजवीज करावयास सांगतात. घरातल्या सुनेला लिहिलेले ते पत्र नव्हे, हाताखालच्या सरदाराला लिहावे तसे ते आहे. पण तोफांचे शिक्षण सासऱ्याकडचे असले, तर जमाखर्चाचे सासूकडचे असले पाहिजे, असे माझे मत आहे. गौतमाबाईंचा एखादा पुतळा इंदुरात असावा असे कोणाला वाटल्याचे मी ऐकलेले नाही.

पुढची दु:खे आपणांस ठाऊक आहेत. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. सती जावयास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परत फिरविले. १७६१ साली, पानिपतच्याच वर्षी, गौतमाबाई गेल्या आणि खासगी सुनेकडे आली. १७६६ साली आलमपूरला मल्हारराव गेले. १७६७ साली एकुलता एक मुलगा मालेराव गेला. घरात पुरुष उरला नाही असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनी दत्तकाची मसलत केली आणि राघोबादादा फौज घेऊन माळव्याकडे वळले.

ह्या प्रसंगाची एक गोष्ट सर्वांना पाठ आहे. बाईंनी स्त्रियांची पलटण उभी केली आणि दादांना निरोप पाठविला, की तुम्ही मला जिंकलेत तर बायकांना जिंकल्याचे नाव, हरलात तर कुठे तोंड दाखवाल? गोष्ट सुरेख आहे. नाटकात ह्या वाक्याला टाळ्या हमखास. परंतु मला तिच्याहून दुसरी कथा अधिक बोलकी वाटते. दादांनी होळकरांच्या खजिन्यातून द्रव्य मागितले, तेव्हा बाईंनी उत्तर दिले म्हणतात, की ह्या द्रव्यावर मी तुळशीपत्र ठेवून उदक सोडले आहे, ते धर्मादायाचे झाले. आपण ब्राह्मण आहात. दान म्हणून हवे असेल तर संकल्प सोडून देते, घ्या. पेशव्यांच्या घरचा पुरुष सुनेपुढे दक्षिणेला हात पसरणार कसा? तुळशीपत्राचा हा भाग माल्कमनेही टिपला आहे. ह्यात भक्ती आहे आणि कायदाही आहे. एकदा धर्मादाय म्हणून वेगळी काढलेली रक्कम राज्याच्या मागणीत धरता येत नाही, हे त्या काळचे सर्वमान्य तत्त्व होते आणि बाईंनी नेमके त्याच्यावर बोट ठेवले. हिशेब ठाऊक असणाऱ्या माणसालाच असे उत्तर सुचते.

आता घाट आणि मंदिरे. काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिर १७८० साली बांधून झाले. सोमनाथाचे १७८३ साली, गयेचे विष्णुपद १७८७ साली. मणिकर्णिकेचा घाट, वेरूळचे घृष्णेश्वर, शिवाय वाटेवरच्या विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे... ही यादी आपण अनेकदा ऐकली आहे आणि मी ती वाचीत बसत नाही. यादी ऐकताना एक गोष्ट मात्र ध्यानात येत नाही. काशी होळकरांच्या राज्यात नव्हती. गया नव्हती, सोमनाथ नव्हते. दुसऱ्याच्या मुलखात आपल्या रयतेच्या साऱ्यातून देऊळ बांधावे, तर रयत विचारील आणि दुसरा राजाही विचारील. हे सारे खासगीतून झाले, म्हणूनच ते होऊ शकले. तिथे होळकरांचे निशाण नव्हते, फौज नव्हती, महसुलाचा हक्क नव्हता. होती ती एका विधवेची स्वत:ची जमा, आणि तिला कोण नाही म्हणणार? राजकारणातली ही बारीक जागा बाईंनी ओळखली होती असे मला वाटते.

शिवाय बांधून त्या थांबल्या नाहीत. पुजाऱ्याची नेमणूक, अन्नछत्राचा शिधा, दूर दक्षिणेतील देवळांना दर वर्षी पोचवावयाच्या गंगेच्या कावडी, ह्या साऱ्यांची तरतूद त्या करून ठेवीत. दान देणे सोपे असते, दर वर्षी तेच दान त्याच तिथीला पोचविणे अवघड असते. आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या सार्वजनिक संस्थेची वर्गणी गोळा केली असेल, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

दिवस कसा जात असे, ते माल्कमने लिहून ठेवले आहे. पहाटे सूर्योदयापूर्वी उठणे, स्नानपूजा, पुराणश्रवण, दानधर्म. भोजन आणि थोडी विश्रांती झाल्यावर दोनच्या सुमारास दरबारात बसत त्या सहापर्यंत. पुन्हा पूजा, अल्पसा फराळ, आणि नऊ वाजता कामाला आरंभ तो अकरापर्यंत. दरबारात पडदा नव्हता. हा क्रम तीस वर्षे चालला. ज्या घरातला प्रत्येक दिवा एकेक करून विझला होता, त्या घरात हे चालले होते. आधी नातू गेला, मग जावई यशवंतराव फणसे गेले आणि १७९१ साली मुक्ताबाई सती गेली. सासऱ्याने सुनेला परत फिरविले होते. आई मुलीला परत फिरवू शकली नाही. तीनशे वर्षांच्या उत्सवात ह्या ठिकाणी वक्ते जरा घाईने पुढे जातात. मला वाटते, थांबले पाहिजे. साऱ्या हिंदुस्थानातल्या देवस्थानांची व्यवस्था जिने लावली, तिचे आपल्या घरच्या चालीपुढे काही चालले नाही. तिने पुष्कळ विनवण्या केल्या, मुलगी ऐकेना, आणि शेवटी नर्मदेच्या काठी उभे राहून तिने ते पाहिले. मुलीशिवाय खासगी पुढे कोणाला सोपवावी, असे तिच्या जवळचे कोणी उरले नव्हते. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्या स्वत: गेल्या.

होळकरशाहीत पुढेही कर्तबगार स्त्रिया झाल्या. कृष्णाबाईंनी बांधविलेले गोपाळ मंदिर राजवाड्याजवळ आजही उभे आहे. तुळसाबाईंनी अल्पवयीन राजाच्या नावाने काही वर्षे कारभार केला. महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, डिसेंबर १८१७ मध्ये, त्यांच्याच फौजेने त्यांना क्षिप्रेच्या काठी ठार मारले. तुळसाबाईंचे नाव निघाले की फक्त त्यांच्या चारित्र्याची चर्चा होते. कारभार कसा केला, कोणत्या अडचणीत केला, हे विचारावयास कोणी थांबत नाही. एकीला देवी केले, दुसरीला कुलटा केले. कामाचा हिशेब दोघींचाही राहून गेला.

आणि खासगी? ती अजून संपलेली नाही. संस्थाने विलीन झाल्यावर तिच्यातील देवळे, घाट, धर्मशाळा ह्यांसाठी १९६२ साली न्यास झाला, आणि त्या मालमत्तेचा वाद इंदूरच्या खंडपीठातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे त्याचा निकाल २०२२ साली लागला. गौतमाबाईंच्या सनदेला तोवर २८८ वर्षे झाली होती!

श्रोतेहो, राजघराण्याची गोष्ट सोडून आता मी ह्याच शहरातल्या एका गल्लीत येतो. राजवाड्यापासून ती फार दूर नाही. २८ सप्टेंबर १९२९ रोजी शीख मोहल्ल्यात मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या घरी मुलगी झाली. लताबाईंच्या आवाजाविषयी मी काय सांगणार? त्यांनाही आपण सरस्वती केले आणि मोकळे झालो. पण त्यांच्याही चरित्रात एक हिशेबाचे पान आहे, आणि ते मला खासगीच्या वहीला जोडावेसे वाटते.

१९५७ च्या फिल्मफेअर समारंभात एका चित्रपटाच्या संगीताला पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यातले गाणे लताबाईंनी मंचावर म्हणावे असा आग्रह झाला. त्यांनी नकार दिला. पारितोषिक संगीतकाराला आहे, गाणाऱ्याला नाही, मग वाद्यवृंदानेच ते वाजवावे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९५९ साली पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिले त्यांनाच मिळाले. त्यानंतरच्या दशकात त्यांनी ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीत गायकाचा वाटा मागितला. महंमद रफींना ते पटले नाही, एकदा मोबदला घेतला की गायकाचा हक्क संपला असे त्यांचे म्हणणे. रफीसाहेब भला माणूस, त्यात पैशाचा हव्यास नव्हता. तरी काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. त्या वेळी लोकांनी लताबाईंना मानी म्हटले, पैशाच्या म्हटले. ज्या मुलीने तेराव्या वर्षी वडील गेल्यावर पाच भावंडांचे घर ओढले, तिला रुपयाची किंमत ठाऊक असणारच. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन गायकांचा वाटा मान्य झाला, तो त्यांच्या हयातीत. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा सर्वांनी गाणी आठविली, आणि ते योग्यच झाले. ह्या मागणीची आठवण थोड्यांना झाली.

आपल्याकडे स्त्रीला मान देण्याची कंजुषी नाही. मखरात बसवावयास आपण नेहमी तयार असतो. सात-बाराच्या उताऱ्यावर नाव घालावयाची वेळ आली की मात्र घरात शांतता पसरते. माझ्या आजीच्या हातचे इंदुरी पोहे खाल्ल्याशिवाय आमच्याकडचा पाहुणा परत जात नसे. आल्यागेल्याचे, देण्याघेण्याचे, लग्नमुंजीच्या आहेराचे सारे तिला तोंडपाठ. हिंदू वारसा कायदा १९५६ साली झाला, तेव्हा ती होती. माहेरच्या जमिनीत आपला वाटा आहे हे तिला कोणी सांगितले नाही, आणि एकदा एक कागद घेऊन भाऊ आले तेव्हा तिने त्यांना चहा दिला आणि अंगठा दिला. तिला लिहिता येत होते. कागद वाचावयास मात्र कोणी दिला नाही. २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. अंगठे तरीही उठतच आहेत.

महेश्वरला गेलात तर किल्ल्याच्या आत हातमागांचा आवाज ऐकू येतो. बाईंनी विणकर आणून वसविले आणि तिथली लुगडी नावारूपाला आली. पुढे ती विद्या मावळत चालली असता १९७०च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर ह्यांनी रेहवा संस्था काढून ती सावरली. आज त्या मागांवर बसलेल्या बहुसंख्य स्त्रिया आहेत. मागे गेलो होतो तेव्हा एका बाईंना मी विचारले, एका लुगड्याला दिवस किती लागतात? त्यांनी दिवस सांगितले, लगेच मजुरीही सांगितली, आणि ती बँकेत आपल्या खात्यावर पडते, घरच्यांच्या नव्हे, हे मी न विचारताच सांगितले. धोटा क्षणभरही थांबला नव्हता.

वेळ संपत आली. एक इंदूरची हकीकत सांगतो. तीही माल्कमनेच दिली आहे.

तुकोजीराव होळकर फौजेसह इंदूरजवळ तळ देऊन होते. शहरात देवीचंद नावाचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. काही मतलबी माणसांनी तुकोजींचे कान भरले, की एवढी संपत्ती, मागे मूल नाही, सरकारने वाटा घ्यावा. त्या काळी हे वावगे मानले जात नसे. निपुत्रिकाचे धन सरकारजमा करणे ही बहुतेक राज्यांतील रीत होती. सावकाराची विधवा घर सोडून निघाली ती घाट उतरून तडक महेश्वरी पोचली आणि दरबारात उभी राहिली. बाईंनी तिचे म्हणणे ऐकून घेतले. नवऱ्याच्या घराची आणि मिळकतीची मालकीण तीच, असे ठरवून तिला मानाचे वस्त्र दिले. तुकोजींना त्याच क्षणी हुकूम गेला, की इंदूरपासून तळ दूर हलवावा आणि आमच्या शहराला अन्यायाच्या मागण्यांचा उपद्रव देऊ नये. तुकोजींनी तळ हलविला. वयाने ते मोठे असूनही बाईंना मातोश्री म्हणत.

माल्कमने ही हकीकत आदराने लिहिली आहे. सावकाराचे नाव त्याने दिले, तुकोजींचे दिले, बाईंचे तर दिलेच. महेश्वरपर्यंत जाऊन आपली जमा आपल्या नावे लावून आणणाऱ्या त्या इंदूरच्या स्त्रीचे नाव मात्र त्याने लिहिलेले नाही.